तिसऱ्या कडव्यातला स

९ जून

ती. काकांना सा. न.

इतक्या महिन्यांत एक ओळही लिहिली नाही, माफ करा. कामाचं कारण सांगणार होते, पण ते खोटं ठरेल. ऑपरेशननंतर तुम्ही फोनवर येऊ शकत नाही आणि मला पत्राची भीती वाटत होती. फोनवर ‘कसे आहात’ म्हटलं की ‘बरा आहे’ येतं आणि सुटका होते. कागदावर विचारलं तर खरं उत्तर येण्याची शक्यता असते.

आज लिहायला निमित्त आहे. मी जिथे रेकॉर्ड कापते, म्हणजे टेपवरचा आवाज तबकडीवर कोरते, त्या तळघरात मागच्या आठवड्यात पत्र्याचा एक डबा आला. झाकणावरच्या पट्टीवर लिहिलं होतं: ‘निम्मा जिना’, मूळ टेप. काका, तुमची रेकॉर्ड! कंपनी ती नव्याने काढते आहे. जाड तबकडी, टेपवरून थेट कापलेली, मध्ये कॉम्प्युटर नाही. सत्तरच्या दशकातल्या रॉकला सध्या अशी गिऱ्हाइकं आहेत, ज्यांच्या खोलीत माणसांपेक्षा वायरींना जास्त मान असतो. त्यांना गाणाऱ्याच्या ओठांचा आवाजही ऐकायचा असतो. काम माझ्याकडे आलं तो योगायोग. मी मागून घेतलेलं नाही, हे आधीच सांगते. मिळाल्यावर मात्र मला दुसरं काही सुचेना.

टेपची तब्येत नाजूक आहे. इतक्या जुन्या टेपचा डिंक सुटतो आणि ती चिकट होते. मंद उष्णतेच्या कपाटात ठेवून वाळवली तेव्हा कुठे चालली. हा उपाय थोडेच आठवडे टिकतो. शिवाय वाजवली की दर वेळी थोडी तपकिरी पूड मागे सोडते. म्हणजे ऐकणं हेच तिला झिजवणं. मी शक्य तितकं कमी ऐकते आहे.

बँडमधल्या चौघांतले आता तुम्हीच उरलात, म्हणून टेस्ट प्रेसिंग, म्हणजे नमुन्याची तबकडी, ऐकून सही तुमची लागेल. सहीशिवाय कंपनी पुढे जाणार नाही. त्यांचं जुनं गोदाम रिकामं करणं चालू आहे. जे पुन्हा निघणार नाही त्याचं काय करता, असं तिथल्या माणसाला विचारलं तर त्याने नुसते खांदे उडवले.

एक शंका. शेवटच्या गाण्याचं तिसरं कडवं, ‘सावलीला सांग, सावकाश ये’. तिथे प्रत्येक स च्या मागे एक बारीक शिट्टी आहे. जुन्या रेकॉर्डवर ती खरखरीत लपली होती, आता स्पष्ट ऐकू येते. तिचं काय करू?

आई बरी आहे. बाबा गेल्यापासून जेवायला एकटी बसत नाही, मी घरी पोचेपर्यंत थांबते. काकूंना नमस्कार.

तुमची
खारू

---

१७ जून

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पत्र काकूने मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाचता येतं हे ती विसरते. माझा आवाज गेला तसे डोळे आणि अक्कलही गेली असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय. भांडण झालं तर मी आता लेखी तक्रार देतो. काकू ती वाचते, फाडते आणि तोंडी निकाल देते.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. गळ्यात भोक आहे. त्यावर रुमाल असतो. आंघोळ करताना पाणी आत जाऊ नये म्हणून लहान पोरासारखी मान वर करून बसावं लागतं. बाकी झकास.

पण तू जी बातमी दिलीस! मी अंगणात जाऊन बसलो. कुणाला सांगणार? शेजारी पेपर वाचत होता, त्याच्या पेपरच्या कडेला लिहून दाखवलं. तो म्हणाला, ‘अरे वा, ते सावकाश ये वालं ना!’ बघ, लोक विसरलेले नाहीत.

सगळं मनासारखं कर. ढोल जरा पुढे आण. ढोलवाला बिचारा जाईपर्यंत कुरकुरत होता की मला मागे टाकलं. शिट्टीचं म्हणशील तर तो टेपचा दोष. पुसून टाक, त्यात विचारायचं काय?

आणि तुझ्या आईला एवढ्यात ऐकवू नकोस. जुन्या दिवसांनी तिला त्रास होईल.

काका

---

२८ जून

ती. काकांना सा. न.

तुमच्या पत्राने मी हसले आणि मग बराच वेळ कामाला हात लागला नाही. भोकाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत.

ढोल पुढे आणले आहेत. शिट्टीबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालायचा आहे. तो टेपचा दोष नाही. टेपचा असता तर झांजेवर आणि गिटारवरही दिसला असता. पहिल्या दोन कडव्यांत आवाज स्वच्छ आहे आणि तिसऱ्यात, फक्त स ला, जिभेजवळून हवा निसटल्यासारखं होतं. म्हणजे ते तोंडातून आलेलं आहे. त्या दिवशी तुम्हाला काही झालं होतं का? सर्दी, तोंड आलेलं?

काढता येतं. कापताना वरच्या पट्टीतला आवाज दाबणारं एक यंत्र असतं, त्याचं बटण फिरवायचं. पण फिरवलं की त्या कडव्यातला जिवंतपणा जातो, दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर माणूस बोलतो तसं वाटतं. मला वाटतं, तुम्हाला तुमचा आवाज निर्दोष हवा आहे आणि ते मी समजू शकते. आता तोच तुमचा आवाज आहे, दुसरा नाही. हे लिहावं की नाही यावर पेन थांबलं होतं, पण लिहिलं.

काका, मी या धंद्यात आले ती त्या कडव्यामुळे. तुमच्या घरी रेकॉर्ड लागायची आणि मी स्पीकरच्या जाळीला कान लावून बसायची. बाकीची गाणी सुरेख होती, पण तिथे आलं की कुणीतरी खोलीत येऊन शेजारी बसल्यासारखं व्हायचं. आता टेपवर त्या ओळीच्या आधी एक श्वास ऐकू येतो, घाईघाईत घेतलेला. खुर्ची करकरते. शिट्टी राहू द्या ना. ऐकणाऱ्यांना ती आवडेल.

खारू

---

५ जुलै

खारू,

काढ म्हटलं ना. रेकॉर्ड माझी, आवाज माझा, त्यावर तुझा वाद कशाला? तुझे ते वायरवाले लोक सुईच्या टोकाएवढी गोष्ट धरतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात. मला त्यात जायचं नाही.

शिट्टी असली तर सही करणार नाही. कंपनीला तसं कळव.

डॉक्टरांना पुन्हा काहीतरी दिसलंय. या वेळी कापणार नाहीत म्हणे. त्याचा अर्थ मला कळतो, काकूला कळलेला नाही. तेव्हा लवकर कर.

---

१६ जुलै

ती. काकांना,

डॉक्टरांबद्दल वाचलं. त्या विषयावर पहिलं वाक्य लिहायला घेतलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तुम्ही तिथे आहात आणि मी इथे रेकॉर्ड कापते आहे, एवढंच खरं आहे.

आता जे लिहिते आहे ते या वेळी लिहावं का, हे मला ठरवता आलेलं नाही. ते न लिहिता तुमच्याशी दुसरं काही बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी शिट्टी काढायला बसले. यंत्राला कोणती पट्टी दाबायची हे सांगण्यासाठी आधी तेवढीच ऐकावी लागते. बाकी सगळं बंद करायचं, गिटार नाही, सूर नाही, शब्दही नाहीत. उरतात नुसते स. ते ऐकले आणि मी टेप थांबवली.

बाबांचा पुढचा दात तुटका होता. ‘साखर संपली’ असं ते म्हणाले की आमचं मांजर कान टवकारायचं. आई त्यांना मुद्दाम ‘सोमवारी सासूबाई’ म्हणायला लावायची. मी बाबांना कधी गाताना ऐकलं नाही, म्हणून सुरावरून ओळखलं नाही. स मात्र मी जन्मभर ऐकले आहेत.

मला खात्री नको होती, म्हणून पहिलं कडवंही तसंच ऐकलं. तिथे तुम्ही आहात. दोघा भावांचा आवाज एकाच मापाचा आहे, शिवण दिसत नाही. पण दात दोन वेगवेगळ्या माणसांचे आहेत.

काका, तिसरं कडवं कोण गायलं? तुम्ही ‘मी’ असं लिहिलंत तर मी मान्य करीन असं वचन देत नाही.

आईला काही सांगितलेलं नाही.

खारू

---

९ ऑगस्ट

खारू,

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर द्यायचंच नव्हतं.

हो, तोच. झालं समाधान?

स्टुडिओचा शेवटचा दिवस होता. आठवडाभर ओरडून माझा घसा सुजला होता, साधा ‘आ’ निघेना. कंपनी आणखी वेळ देत नव्हती. धाकटा माझं स्वेटर पोचवायला आला होता. आमची सगळी गाणी त्याला पाठ, कारण आमच्या तालमी त्याच्याच खाटेवर बसून चालायच्या. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, ‘हा तुमचा भाऊ ना? मग याला उभा करा.’ याने विजारीला सायकलची क्लिप लावलेली होती, तीही काढली नाही. एकदाच गायला. मग म्हणाला, ‘जातो रे, मला सकाळी मुलाखत आहे.’ ती नोकरी त्याला लागली आणि जन्मभर पुरली. दात तुटला होता तोही माझ्याच सायकलवरून पडून. तेही माझ्या नावावर मांड.

त्याला नाव नको होतं. ऑफिसात चाललं नसतं.

आता माझं ऐक. लोक मला कशाने ओळखतात? त्याच कडव्याने. बाकीच्या गाण्यांतली एक ओळ कुणाला येत नाही. पहिल्यांदा तपासलं त्या डॉक्टरने माझ्या घशात आरसा घातला आणि तो घातलेला असताना ‘सावकाश ये’ गुणगुणला. त्याला वाटलं, मला बरं वाटेल. मी तोंड उघडं ठेवून बसलो होतो. काय सांगणार होतो?

जुन्या तबकडीवर कुणाला कळलं नाही. घरोघरी डबडी होती, सुया बोथट होत्या, खरखर होती. मी त्या खरखरीत सुखाने राहिलो. नवी निघणार म्हटल्यावर मला इतका आनंद झाला की ती किती स्वच्छ असेल हे माझ्या लक्षातच आलं नाही. तू शिट्टीचं लिहिलंस तेव्हा कळलं, आणि टेपचा दोष असं घाईने लिहून मी मोकळा झालो. तुझ्या त्या लोकांना दोन माणसं ऐकू येतील. पहिल्याच दिवशी.

मला बोलता येत नाही. मी नाही म्हणालो तरी कुणाला ऐकू जाणार नाही आणि हो म्हणालो तरी नाही. थोडे महिने आहेत. तेवढे मला माझ्या नावाने जाऊ दे.

शिट्टी काढलीस तर सही. नाहीतर टेप गोदामात जाऊ दे.

---

२० ऑगस्ट

ती. काकांना,

सोबत टेस्ट प्रेसिंग पाठवते आहे. स काढले आहेत.

का काढले ते स्वतःला विचारलं, उत्तर एक येत नाही. तत्त्व म्हणून नकार देता आला असता. पण मी रोज कुणाकुणाचे स बोथट करते, तेव्हा तत्त्व आठवत नाही. तुमच्यासाठी ते बाहेर काढलं असतं तर ढोंग झालं असतं. नकार दिला तर रेकॉर्ड निघणार नाही आणि टेप गोदामात कुजेल, म्हणजे बाबांचं जे आहे तेही जाईल. होकार दिला तर ते राहतील, पण तुमच्या नावाने आणि दात बसवून घेतलेले. तुम्ही आजारी आहात, हेही आहेच. आणि रागही असावा. जे मागितलंत ते अगदी चोख करून हातात ठेवावं, असा राग. मी चोख केलं आहे. कुणालाही दोन माणसं ऐकू येणार नाहीत, मी पैजेवर सांगते.

बाबा तुमच्याकडे रेकॉर्ड लागली की ‘स्कूटर बघून येतो’ म्हणून खाली जायचे. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांना या गाण्यांचा कंटाळा आहे. मी एकदा त्यांना म्हणालेही होते, ‘बाबा, तुम्हाला कानच नाही.’ ते हसले होते.

एकच विचारते. ‘त्याला नाव नको होतं.’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. असं बाबा म्हणाले होते, की तुम्ही?

प्रकृतीबद्दल काकूंना लिहायला सांगा. तुम्ही खरं लिहिणार नाही.

खारू

---

३ सप्टेंबर

चि. खारू,

अक्षर हललंय, सांभाळून घे.

विचारलं नव्हतं. कव्हर छापून आलं तेव्हा त्याने हातात घेतलं, मागची नावं वाचली, आणि ‘छान झालंय’ म्हणून परत दिलं. तो काही बोलला नाही. न बोलणं म्हणजे नको, असं मी धरलं. न बोलण्यात काय काय असतं ते मला अलीकडे कळायला लागलंय.

रेकॉर्ड ऐकली. सुई काकूने ठेवली. ढोल काय सुंदर झालेत! ढोलवाला असता तर रडला असता. शेवटचं गाणं आलं. पहिलं कडवं, दुसरं. मग मी पुढे सरकून बसलो. जन्मभर त्या शिट्टीची धास्ती होती मला. रेडिओवर गाणं लागलं की तेवढ्यापुरता मी खोकायचो. आणि आता बघतो तर मी तिचीच वाट पाहत होतो.

धाकटा आला नाही. कुणीतरी गुळगुळीत माणूस गाऊन गेला. तो मी नव्हतो आणि धाकटाही नव्हता.

काकू म्हणाली, ‘किती कोवळा होता हो तुमचा आवाज.’ मी मान डोलावली.

पुन्हा लावायला सांगितली, परत तेच. तिसऱ्यांदा सांगितली नाही.

सही केलेला कागद सोबत आहे. असंच राहू दे. तुला वाटेल, म्हातारा आता म्हणेल, घाल त्याला परत. नाही म्हणत. माझ्यात तेवढं नाही. मी गेल्यावर काय करायचं तेही सांगत नाही, सांगितलं तर फुकटचं पुण्य मिळवल्यासारखं होईल.

तुझ्या आईचं तू ठरव.

काका

---

११ सप्टेंबर

ती. काकांना सा. न.

कागद मिळाला आणि मी तो कंपनीकडे दिला. तबकडी तशीच जाईल. रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यात तिचे साचे बनताहेत. कव्हरवर चार नावं आहेत, पूर्वी होती तीच. तुमचं पत्र येण्याआधी मला वाटलं होतं की मी तुम्हाला माफ करीन किंवा निदान भांडेन. पत्र वाचल्यावर दोन्ही जमलं नाही. तुम्ही वाट पाहिलीत, ते वाचून मी तळघराच्या पायरीवर जाऊन बसले. मग आत आले आणि कागद पाकिटात घातला. तुमच्यात नाही म्हणता तेवढं माझ्यातही नसावं.

बाबांचा आवाज ओळखू येईल असा आता फक्त त्या टेपवर आहे. कॉम्प्युटर न वापरता कापायचं अशी अट होती, म्हणून दुसरी प्रत निघालीच नाही. मला काढता आली असती. पण कुणाचंही काही स्वतःसाठी काढून ठेवायचं नाही, हा नियम मी वीस वर्षं पाळला आहे, आणि तो नेमका स्वतःच्या बापासाठी मोडायचा का, या विचारात दिवस गेले. मग टेप पुन्हा चिकट व्हायला लागली, आणि पुन्हा वाळवायला आता वेळ नाही. आता ती फार तर एकदा धड चालेल, तेही कडव्याच्या मध्ये अडकली नाही तर. कंपनीची गाडी ती उद्या दुपारी नेणार आहे. रेकॉर्ड निघाली की त्यांच्या लेखी टेपचं काम संपलं.

काल आईला सांगितलं. सगळं, तुमच्यासकट. ती शेंगा सोलत होती, हात थांबले नाहीत. तुमच्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. टोपली भरल्यावर म्हणाली, ‘माझ्यासमोर कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत हे. मी म्हणायची, म्हणा की काहीतरी. तर म्हणायचे, मला कुठे येतंय.’

मग टरफलं गोळा करून उठली, ओट्यापाशी गेली, आणि पाठमोरीच विचारलं, ‘ऐकायला मिळेल का गं? एकदाच?’

मी हो म्हटलं. टेप अडकण्याची शक्यता आहे हे तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

काकूंना नमस्कार. तुम्हालाही.

खारू

ता. क. उद्या गाडी येण्याआधी, सकाळीच आईला तळघरात घेऊन येणार आहे.